पुण्याने परदेशात आणखी एक भगिनी शहर करावं का?

औंधकर
परदेशातल्या एखाद्या शहराशी पुण्याने नव्याने भगिनी शहर करार (दोन शहरांमधला मैत्री-सहकार्याचा करार) करावा, असं निवेदन आमचा नागरिक मंच आयुक्तांना देणार आहे. अमेरिकेतलं सॅन होजे, जर्मनीतलं ब्रेमेन, जपानमधलं ओकायामा ही नावं आधीपासून आहेतच. मग नव्या करारातून शहराच्या पदरात नेमकं काय पडतं? पैसा येतो का? आणि फाइल कुठून कुठे फिरते?

नारायणपेठी
पैशाचा मुद्दा निवेदनातून आधी काढा. मुळा-मुठा शुद्धीकरणाचंच बघा: मूळ मंजुरी 990 कोटींची, 11 सांडपाणी केंद्रं, रोजची क्षमता 396 दशलक्ष लिटर. त्यासाठीचं कर्ज जायकाने (जपान सरकारची मदत संस्था) केंद्र सरकारला दिलं आणि केंद्राने 85 टक्के रक्कम महापालिकेला अनुदान म्हणून देऊ केली. पैसे जपानचे असले तरी ओकायामाचा त्यात काही संबंध नाही. ओकायामाच्या मैत्रीची खूण म्हणजे सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरचं. छान आहे, पण ते उद्यान आहे.

फाइलचा रस्ता: शहर सुधारणा समिती, मुख्य सभा, मग नगरविकास विभागामार्फत परराष्ट्र मंत्रालय. दिल्लीचा होकार येईपर्यंत सही करायची नाही, फोटोपुरतीसुद्धा नाही.

खरी गोम ठरावातल्या एका ओळीत असते: ‘महापालिकेवर कोणताही आर्थिक भार पडणार नाही.’ ती घातली की विषय बिनबोभाट मंजूर होतो, पण अंदाजपत्रकात अर्थशीर्षकच उघडत नाही. उद्या शिष्टमंडळासाठी दुभाषा लावायचा म्हटलं तरी लेखा विभाग विचारणार, हे बिल कशात टाकू? वर्षाला पाच-दहा लाख का होईना, पण तरतूद ठरावातच मागा.

डेक्कन जिमखाना
पैसा नाही म्हणून करार फुकट, हे पटत नाही. माणसं आणि तंत्र मिळतं, फक्त विषय अरुंद हवा. ‘संस्कृती, शिक्षण, पर्यटन, तंत्रज्ञान इत्यादी’ लिहिलेल्या करारात शेवटी ‘इत्यादी’च उरतं.

उदाहरण घ्या. सोसायट्यांच्या पातळीवर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या डीवॅट्स पद्धतीवर काम करणारी बोर्डा ही संस्था ब्रेमेनची. आधी गाळ बसायची टाकी, मग आडभिंतींची बिनहवेची टाकी, मग वनस्पती लावलेला खडीचा थर. उतार नीट मिळाला तर वीज लागत नाही. बिघडतं ते गाळ न उपसल्याने. दोन-तीन वर्षं टाकी उघडलीच नाही तर गाळ वाहून खडीत जातो, पोकळ्या बुजतात, पाणी वर तुंबतं आणि वास सुटला की रहिवासी यंत्रणा बंद करायला लावतात. करार ‘पर्यावरण सहकार्या’चा करू नका. किती प्रकल्प, गाळ उपसण्याचं प्रशिक्षण कोणाला, तीन वर्षं पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाण किती उरली याचं माप) कोण तपासणार, हे लिहा.

कॅम्पातला
भेटवस्तूंचं कलमही टाका. पुण्याने सॅन होजेला दिलेला शिवाजी महाराजांचा पुतळा 2023 मध्ये तिथल्या ग्वाडालुपे रिव्हर पार्कमधून कापून चोरीला गेला आणि नंतर भंगाराच्या यार्डात सापडला. मालकी, विमा, देखभाल, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे देतानाच लिहून घ्यावं.

दुसरं म्हणजे नवं शहर शोधण्याआधी जुनी जुळवा. सॅन होजे आणि ओकायामा 1957 पासून एकमेकांची भगिनी शहरं आहेत, सॅन होजे-पुणे 1992 पासून. तिघांत मिळून एक विषय काढता येतो. नव्या मंजुऱ्यांपेक्षा ते सोपं.

औंधकर
पटलं. नवं शहर वगळून ब्रेमेनबरोबर सांडपाण्याचा एकच विषय मागतो. पाठपुरावा कोणाकडे द्यावा?

नारायणपेठी
अधिकाऱ्याच्या नावाने नको, पदाच्या नावाने द्या. उपायुक्त बदलून गेले की पत्रव्यवहार त्यांच्या मेलमध्येच राहतो. मलनिस्सारण विभागाच्या अधीक्षक अभियंत्याकडे द्या, मेल आयडीही पदाचाच ठेवा. आणि तिकडून तिकीट-निवास मिळणार असेल तर अधिकाऱ्याला एफसीआरए (परदेशी निधी आणि पाहुणचाराचा कायदा) याखाली गृह मंत्रालयाची परवानगी आधी घ्यावी लागते, परराष्ट्र मंत्रालयाची वेगळी. दोन्ही अर्ज एकदमच टाका, नाहीतर व्हिसा हातात येईपर्यंत कार्यशाळा उरकलेली असते.