समुद्रातल्या प्लॅटफॉर्मला वीज: 'समुद्राखालून' की 'तळावरून'?

भाषांतरकार: नॉर्वेच्या वायूक्षेत्रांवरचा एक मजकूर मराठीत आणतेय. ट्रोल ए प्लॅटफॉर्मला १९९६ पासून बर्गनजवळच्या कोल्सनेसहून वीज जाते. मी लिहिलं, 'समुद्राखालून जाणारी वीजवाहिनी'. तपासणाऱ्यांनी केलं, 'अपतटीय वायुमंचास अंतःसागरी विद्युत्पुरवठा'. वाचणारी मुलं नववीतली आहेत हो! काय ठेवू?

वीजतंत्री: 'वाहिनी' ठेवाच, 'भूमिगत वाहिनी' सगळ्यांना कळते. 'समुद्राखालून' मात्र खटकतं. केबल तळावर टाकतात, बऱ्याच ठिकाणी चर खणून पुरतात, म्हणजे मासेमारीची जाळी अडकत नाहीत. 'समुद्रतळावरून' लिहा. आणि 'दिष्ट प्रवाह' (डीसी) गाळू नका. लांबच्या केबलमध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाचा (एसी) मोठा वाटा केबल भारित करण्यातच खर्ची पडतो. म्हणून नॉर्वेच्याच वालहाल तेलक्षेत्राच्या २९२ किमी केबलला दिष्ट प्रवाह आहे.

उरणकर: २०१८ ला घारापुरी बेटावर वीज आली तेव्हा आमच्याकडे लहानथोर 'समुद्राखालून केबल आली' असंच म्हणत होते. साडेसात किलोमीटर! लोक बोलतात ते चूक कसं?

संस्कृतप्रेमी: 'अपतटीय'ची रचना निर्दोष आहे, तटापासून दूर ते अपतटीय. सावरकरांचा 'महापौर'ही एकेकाळी नवाच होता. शब्द वापरल्याशिवाय रुळणार कसा?

हायवाल्यांची लेक: बाबा 'बॉम्बे हाय'ला, मुंबईपासच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर; चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. शेजारी विचारत, 'हायला गेलेत का?' अपतटीय कुणी म्हटलं नाही, मंचही नाही. मंचावर भाषणं होतात. आणि कृपा करून 'रिग' लिहू नका. रिग विहीर खोदते आणि पुढच्या जागी जाते, पूर्वीच्या 'सागर सम्राट'सारखी. प्लॅटफॉर्म तिथेच राहतो.

वीजतंत्री: बरोबर. एरवी प्लॅटफॉर्म आपलाच वायू टर्बाइनमध्ये जाळून वीज करतो. नॉर्वेत त्यावर १९९१ पासून कार्बन कर आहे, म्हणून किनाऱ्यावरची वीज. हे कारण मजकुरात यायलाच हवं, शब्द कुठलाही घ्या.

उरणकर: मंच नको तर 'फलाट' घ्या की. मला तर तो 'प्लॅटफॉर्म'चाच मराठी अवतार वाटतो.

संस्कृतप्रेमी: फलाट म्हटलं की रेल्वेच आठवते. शिवाय व्युत्पत्ती इतकी सोपी नसावी, 'फळी'शी नातं असू शकतं.

हायवाल्यांची लेक: फळीचा 'फलाट' कसा होईल? 'ळ'चा 'ल' झालेला एक तरी शब्द दाखवा.

भाषांतरकार: मजकूर उद्या द्यायचाय. 'अपतटीय' काढून 'खोल समुद्रातला' करू का?

संस्कृतप्रेमी: 'फळ' आणि 'फलाहार' आहेच की!