आजीचं सहस्रचंद्रदर्शन, अंधारा दिवाणखाना आणि तीन फ्लॅश: कुठला कुठे ठेवू?

मृणाल_रामबाग:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, इंदूरलाच, रामबागेतल्या जुन्या घरी. कार्यक्रमाला फोटोग्राफर ठरवलाय त्यामुळे त्याची काळजी नाही, पण आजीचा एकटीचा एक छान पोर्ट्रेट मला स्वतःला काढायचाय, मोठा करून दिवाणखान्यात लावता येईल असा. आणि एक अख्ख्या घराचा, आजी मध्ये खुर्चीवर आणि भोवती मुलं-सुना-लेकी-जावई-नातवंडं, पंधराएक माणसं होतील.

सामान असं आहे: क्रॉप सेन्सर कॅमेरा, ५० एमएम एफ/१.८ आणि किट लेन्स, गोडॉक्स कंपनीचे तीन फ्लॅश (दोन टीटी६०० आणि एक व्ही८६०), ते कॅमेऱ्यावरून वायरशिवाय उडवायला एक्सप्रो ट्रिगर, ४३ इंची पांढरी छत्री, ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) उजेड बाजूला पसरू न देणाऱ्या जाळीसकट, तीन स्टँड.

अडचण खोलीची आहे. साधारण बारा बाय अठरा फूट, वर सागवानी लाकडाचं छत आणि तेही बुटकं, भिंती खाली अर्ध्यापर्यंत हिरव्या ऑइल पेंटच्या, वर पांढऱ्या. खिडकी एकच, गल्लीकडे उघडणारी. काकांना बसवून ट्रायल घेतली, सगळीकडे सांगतात तसं दोन्ही बाजूंना ४५ अंशात एकेक फ्लॅश, दोन्ही सारख्या पॉवरवर. उजेड भरपूर आला पण नाकाच्या दोन्हीकडे सावल्या, चेहरा पासपोर्ट फोटोसारखा आणि एका गालावर हिरवट झाक. आजीचे केस पूर्ण पांढरे आहेत, चष्मा आहे (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजेड फार सोसत नाही), हिरवी नऊवारी जरीकाठाची आणि नथ. तर तीन फ्लॅशचं नेमकं काय करू? की चौथा घेऊ?

छायाप्रकाश_इंदूर:
चौथा अजिबात घेऊ नका ताई, तीन खूप झाले, उलट एका पोर्ट्रेटला मी तर दोनवरच थांबेन पण तुमच्याकडे आहेत तर तिसऱ्यालाही काम देऊ.

दोन्हीकडून सारखा उजेड हा आपल्याकडच्या स्टुडिओंचा जुना पाठ आहे, गिऱ्हाईक उजळ दिसलं पाहिजे एवढंच त्यात बघितलेलं असतं. आजीच्या चेहऱ्यात जे आहे ते सावलीमुळे दिसणार, आणि सावली एकच हवी, एकाच दिशेला पडणारी. म्हणून आधी ठरवा की सूर्य कुठे आहे. तुमच्या खोलीत खिडकी आहे ना, मग त्याच बाजूने मुख्य फ्लॅश, म्हणजे फोटो बघणाऱ्याला वाटेल की खिडकीतूनच उजेड आलाय.

आता क्रम. सगळे फ्लॅश बंद, कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६०, अॅपर्चर एफ/५.६, आयएसओ २००, आणि एक फोटो काढा. तो जवळपास काळा यायला हवा. आला की समजायचं खोलीतले ट्यूबलाइट-बल्ब काही चित्रात येत नाहीत आणि पुढचं सगळं तुमच्या हातात. मग फक्त मुख्य फ्लॅश लावा: व्ही८६० सॉफ्टबॉक्समध्ये, आजीपासून एक मीटरवर, डोळ्यांच्या जरा वरून, १/१६ पॉवरपासून सुरू करा आणि ट्रिगरवरूनच कमीजास्त करा. सॉफ्टबॉक्स थेट आजीवर रोखायचा नाही, त्याचं तोंड थोडं आजीच्या पुढच्या बाजूला वळवा म्हणजे मधला प्रखर झोत पुढून निघून जातो आणि चेहऱ्यावर कडेचा मऊ उजेड पडतो. सुरकुत्या दिसतात पण खणल्यासारख्या दिसत नाहीत. हे एवढं नीट जमल्याशिवाय दुसऱ्या फ्लॅशला हातसुद्धा लावू नका.

जमलं की दुसरा, टीटी६०० छत्रीत, कॅमेऱ्याच्या मागे आणि वर, तुमच्या डोक्यावरून. याचं काम फक्त सावली किती काळी ठेवायची एवढंच. मुख्य फ्लॅश बंद करून याच्या एकट्याचा फोटो काढून बघा, तो दोन स्टॉप तरी अंधारा दिसायला हवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, दोन म्हणजे पाव). एका बाजूला ठेवलात तर परत दुसरी सावली, म्हणून कॅमेऱ्याच्या रेषेतच.

तिसरा मागून, खांद्याच्या मागे, खिडकीच्या उलट बाजूला, केस आणि पदर भिंतीपासून सुटा करायला. इथे सांभाळा. पांढरे केस हा उजेड लगेच पकडतात आणि नुसता पांढरा डाग येतो. १/१२८ वर ठेवा, टीटी६०० त्याच्या खाली जात नाही, तरी जास्त वाटला तर स्टँड मागे न्या किंवा फ्लॅशच्या तोंडावर पांढऱ्या रुमालाची एक घडी बांधा. केसांची एकेक बट वेगळी दिसली पाहिजे, अंबाड्याचे काटे दिसले पाहिजेत, तेवढाच.

हिरवी झाक भिंतीची आहे. छत्रीतला उजेड चहूकडे पसरतो, ऑइल पेंटवर आपटून रंग घेऊन परत येतो. आजीच्या बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर सोडा, सॉफ्टबॉक्सला जाळी लावा. आणि छतावर फ्लॅश मारून बाउन्स करायचा विचार असेल तर सोडून द्या, सागवानावरून तपकिरी उजेड येईल.

जुनी_काच:
वरच्यांचं सगळं बरोबर आहे, मी फक्त एक आठवण करून देतो. जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ १८६६ मध्ये आपल्या इंदूरलाच सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि फोटोग्राफीही त्यांनी इथेच राहून हातात घेतली. ते काम करायला लागले तेव्हा फ्लॅश पावडरसुद्धा नव्हती, ती १८८७ मध्ये जर्मनीत निघाली. म्हणजे जे काय ते दिवसाच्या उजेडावर. त्या काळातली पोर्ट्रेट्स मोठी करून बघा, डोळ्यातली चमक बघा, ती कुठल्या बाजूला आहे त्यावरून उजेड कुठून आला ते कळतं. मला तीन फ्लॅश लावूनही तशी एकच चमक डोळ्यात दिसायला हवी असं मनापासून वाटतं. फोटो झाला की स्क्रीनवर झूम करून आजीचे डोळे बघा, दोन-तीन ठिपके दिसले की दुसरा फ्लॅश जास्त झालाय.

अनघा_सुदामानगर:
मृणाल, मी आजीच्या बाजूने बोलते कारण उजेडाचं बाकीचे सांगतायतच.

चष्मा काढायला सांगू नकोस, चष्म्याशिवाय ती तुमची आजी वाटणार नाही. काचेत सॉफ्टबॉक्स दिसला तर तो वर चढव आणि थोडा बाजूला ने, उजेड ज्या कोनात काचेवर येतो त्याच कोनात परत जातो, म्हणजे तो लेन्सकडे न येता खाली जाईल एवढं बघायचं. तरी राहिलं तर चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी जरा वर उचल, काच थोडी खाली झुकते आणि प्रतिबिंब निघून जातं, फोटोत कुणाला कळतही नाही.

दुसरं, डोळे मिटण्याचं. व्ही८६० टीटीएलवर, म्हणजे पॉवर आपोआप ठरवणाऱ्या मोडवर, ठेवलास तर तो आधी एक बारीक झलक मारतो, उजेड मोजायला, आणि मग खरा फ्लॅश. काही माणसं त्या पहिल्या झलकेलाच पापणी मिटतात आणि खऱ्या फ्लॅशला डोळे बंद मिळतात. मॅन्युअलवर ती झलक नसतेच. तुझे टीटी६०० तसेही टीटीएलचे नाहीत, मग तिन्ही मॅन्युअलच ठेव. आणि खोलीतले दिवे बंद करून बसवू नकोस तिला, अंधारात बाहुली मोठी होते मग फ्लॅश जास्त टोचतो. ट्यूबलाइट चालू राहू दे, १/१६० ला ती फोटोत येणार नाहीये.

जरीसाठी आणि नथीसाठी सांगते, जरीचे काठ म्हणजे बारीक धातूच, छोटा उघडा फ्लॅश पडला की एका ठिकाणी चकाकतात आणि बाकी काळे. सॉफ्टबॉक्स जितका जवळ तितके काठ सगळीकडून भरलेले दिसतात. पदर आधीच नीट लावून घे, नथीचे मोती कॅमेऱ्याकडे आलेत का बघ. आणि आजी बसायच्या आधी आत्याला त्याच खुर्चीत बसवून सगळं सेट कर, आजीला आयत्या वेळी बोलाव. दहा मिनिटांत ती दमते, पण पहिल्या पाचात तिच्या चेहऱ्यावर जे असतं ते नंतर येत नाही.

लग्नसराई_एमपी०९:
आता ग्रुपचं सांगतो भिया, म्हणजे ताई, कारण आमचं रोजचं तेच आहे.

पंधरा माणसं त्या दिवाणखान्यात घेऊ नका. चौक किंवा अंगण असेल तर तिथे, ऊन उतरल्यावर, सावलीत. खोलीत एका बाजूला फ्लॅश ठेवला तर त्याच्या जवळच्या माणसाला आणि लांबच्या माणसाला सारखा उजेड मिळतच नाही. दीड मीटरवर जेवढा पडतो त्याचा तीन मीटरवर फक्त चौथा भाग उरतो. म्हणजे एका कडेचे जावई पांढरे आणि दुसऱ्या कडेचे काळे. तेच फ्लॅश मागे नेलात, जवळचा माणूस साडेतीन मीटरवर आणि लांबचा पाचावर, तर फरक निम्म्यावर येतो, एकच स्टॉप. आणि कॅमेऱ्याच्या जवळच, उंचावरून लावलात तर तोही जवळजवळ जातो.

पण लांब नेलं की पॉवर लागते, आणि तिथे तुमचे जास्तीचे फ्लॅश खरे कामाला येतात. दोन्ही टीटी६०० एकाच छत्रीत लावा, दोन फ्लॅशचा ब्रॅकेट मिळतो, स्वस्त आहे. एकाच जागी दोन म्हणजे बरोबर एक स्टॉप जास्त. किंवा दोन्ही १/२ वर चालवा, उजेड एका फुल फ्लॅशएवढाच पण चार्ज लवकर होतात आणि तापत नाहीत. ग्रुपमध्ये हे फार लागतं कारण एकाचे डोळे मिटलेले असणारच, लागोपाठ काढावे लागतात. एफ/८, आयएसओ ४००, दोन ओळी, आणि शटर थोडं कमी करत न्या जोवर मागचा चौक दिसायला लागतो. फ्लॅशचा उजेड अॅपर्चर ठरवतं, चौकाचा शटर, हे एकदा डोक्यात बसलं की मग काही विचारावं लागत नाही.

आणखी दोन गोष्टी. छत्री म्हणजे शीड आहे, अंगणात वाऱ्याने स्टँड आडवा होतो आणि खाली पोरं पळत असतात. प्रत्येक स्टँडला पाचेक किलो गव्हाची पिशवी अडकवा, आणि जमलं तर एक मोठा भाऊ धरायला उभा करा. दुसरं, जो फोटोग्राफर ठरवलाय त्याच्याशी आधी बोलून घ्या. त्याचेही गोडॉक्स असतील आणि चॅनल एकच असेल तर तुमच्या क्लिकला त्याचे फ्लॅश उडतील, त्याच्या क्लिकला तुमचे. ट्रिगरवर ३२ चॅनल आहेत, वेगळा घ्या, आयडी पण टाका. सेल जेल रोडवरून चांगले चार्जेबल घ्या, टीटी६०० ला चार-चार लागतात, दोघांचा एकेक सेट जास्तीचा खिशात ठेवा.

मृणाल_रामबाग:
किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. आज आत्याला बसवून नुसत्या एका सॉफ्टबॉक्सवर काढलं आणि तेवढ्यावरच आत्या म्हणाली हाच माझा फ्रेम कर. भिंतीवर चादर सोडल्यावर हिरवी झाकही गेली. ब्रॅकेट मागवते.

एकच राहिलंय. संध्याकाळी आजीला ८१ दिव्यांनी ओवाळणार आहेत, दोन मोठ्या ताटांत दिवे. तेव्हा मला एक फोटो हवाय ज्यात आजीच्या चेहऱ्यावर दिव्यांचाच उजेड वाटेल. फ्लॅश मारला की दिवे मेल्यासारखे दिसतात, नाही मारला तर आजी हलते आणि फोटो पुसट येतो. काय करू?

छायाप्रकाश_इंदूर:
हा फोटो सगळ्यात सुंदर होऊ शकतो, यासाठी वेळ काढाच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा; दिव्याची ज्योत साधारण १९०० केल्विनच्या आसपास असते, फ्लॅश ५६०० च्या, म्हणून नुसता फ्लॅश निळसर पांढरा दिसतो आणि दिवे बिचारे नारिंगी ठिपके होऊन बसतात. फ्लॅशच्या तोंडावर फुल सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक कागद) लावा, तो फ्लॅशला ३२०० च्या जवळ आणतो, उजेड पाऊणएक स्टॉप खातो तेवढी पॉवर वाढवून घ्या. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते सेटिंग) ३२०० लाच ठेवा. मग फ्लॅशचा उजेड साधा वाटेल आणि दिवे त्याहून थोडे पिवळे, जे डोळ्यालाही तसंच दिसतं.

एकच फ्लॅश वापरा, बाकी दोन बंद. तो खालून नको, खालून चेहऱ्यावर भुतासारख्या सावल्या पडतात. ताटाच्या बाजूने, आजीच्या छातीच्या उंचीला, सॉफ्टबॉक्समध्ये, आणि इतका कमी की त्याच्या एकट्याचा फोटो एक स्टॉप अंधारा दिसेल. आयएसओ ८००, एफ/२.८, शटर १/३० पासून सुरू करा. फ्लॅशचा क्षण फार छोटा असतो त्यामुळे आजीचे डोळे-ओठ तिथेच थांबतात, आणि उघड्या शटरमध्ये ज्योतींचा उजेड पदरावर, हातांवर भरत जातो. ट्यूबलाइट मात्र तेवढा वेळ बंद करायला सांगा, इथे ती फोटोत येईल आणि हिरवट येईल.

अनघा_सुदामानगर:
आणि ओवाळणाऱ्या सगळ्याजणींना आधीच सांगून ठेव की ताट एकदा आजीच्या चेहऱ्यासमोर आलं की क्षणभर तिथेच थांबवायचं, फिरवत राहायचं नाही. सॉफ्टबॉक्स ताटापासून हातभर तरी लांब ठेव, कापड पेटायला वेळ लागत नाही, आणि स्टँडच्या पायांजवळ कुणाचा पदर येणार नाही अशी जागा बघ.