हल्ल्याची बातमी गावात पोचते तेव्हा : जाणकारांनी लिहायचा अनुभव धागा

धागा सुरू करताना

२२ एप्रिल २०२५ ला काश्मीरमधल्या पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती. आपल्या विदर्भातल्या गावांचा त्या कुरणाशी काही संबंध नाही, तरी संध्याकाळपर्यंत पारापारावर तीच चर्चा होती आणि दुसऱ्या दिवशी कोणी यात्रा रद्द करत होतं, कोणी फेरीवाल्याला हाकलत होतं. अशा वेळी गाव सांभाळायचं काम ज्यांच्याकडे असतं, त्यांना या धाग्याचं आमंत्रण आहे. आपली कहाणी नको. काय करायचं, कोणत्या क्रमानं, काय बिघडतं आणि काहून बिघडतं, ते लिहा. नावाऐवजी काम आणि तालुका पुरे.

पोलीस पाटील, अकोट तालुका

गावात भीतीचा पहिला मार अनोळखी माणसाला बसतो, म्हणून सुरुवात तिथून.

आपल्याकडे वर्षभर बाहेरची माणसं येतात. सोयाबीन सोंगायला मध्य प्रदेशातले मजूर, गाई घेऊन फिरणारे काठेवाडी, नाथजोगी, बहुरूपी, चादरी विकणारे, भंगारवाले. यांची वही आधीपासून ठेवा. टोळीतल्या मुख्य माणसाचं नाव, मूळ गाव-जिल्हा, मोबाइल, माणसं किती (बाया-पोरं धरून), उतरलेत कुठं, कधीपर्यंत राहणार, एवढं पुरतं. आधार कार्ड पाहा, पण झेरॉक्स गोळा करत बसू नका, ते कागद पुढे भलतीकडे जातात. वहीचा उपयोग रात्री अकराला होतो. "ते कोण उतरले नाल्यापाशी?" असा प्रश्न निघाला की नाव-गावासकट उत्तर देणारा एक माणूस गावात पाहिजे. उत्तर नसलं की पाच मिनिटांत लोक आपलं उत्तर तयार करतात.

जमाव जमायला लागला तर पहिला फोन ११२ ला, दुसरा ठाण्याला. ठिकाण सांगताना फाटा, नाला, मंदिर अशी खूण सांगा, नुसतं गावाचं नाव सांगू नका. एका नावाची दोन गावं एकाच तालुक्यात असतात.

आणि हे मनात कोरून ठेवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना मारून टाकलं, ते ग्रामपंचायतीच्या खोलीत. म्हणजे खोलीत कोंडून ठेवणं हे संरक्षण नव्हे. जमाव वीस-पंचविसाचा आहे तोवरच त्या माणसांना गाडीत बसवून ठाण्याकडे काढा. दोनशे माणसं झाली की गाडी निघत नाही आणि दार टिकत नाही.

ज्या गावांत एका फोनवर सगळ्या गावाला आवाज जाणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, त्यांनी ती अफवेसाठी वापरू नये. "संशयित दिसले" असा कॉल सगळ्यांना गेला की लोक काठ्या घेऊनच निघतात. अशा दिवसांत तिच्यावरून फक्त आग, अपघात, चोरी आणि ठाण्याने सांगितलेला निरोप.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन, पुसद तालुका

बातमी आली की पहिल्या तासात ग्रुपची सेटिंग बदला, फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी. दोन दिवस तशीच राहू द्या. लोक चिडतात, चिडू द्या. फोटो-व्हिडिओ आधीच पडला असेल तर ॲडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. मृतांचे फोटो तर लगेच काढा. त्यांच्या घरचे लोकही कोणत्या ना कोणत्या ग्रुपवर असतात.

मेसेजवर दोन बाणांची खूण असली तर तो पुष्कळ हातांतून फिरून आलाय. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. साध्या मेसेजला भारतात पाच चॅटची मर्यादा आहे, आणि ती आली तीच मुळी २०१८ च्या मारहाणींनंतर. फोटो खरा की जुना हे पाहायला गुगल लेन्स आहे. व्हिडिओ असेल तर थांबवून दुकानाच्या पाटीची लिपी, गाडीची नंबरप्लेट, अंगावरचे कपडे पाहा. एप्रिलच्या घटनेत स्वेटर घातलेली गर्दी आणि मागे बंगाली पाटी दिसली की काम झालं.

सगळ्यांत घातक असते ती आवाजाची क्लिप. तिच्यात शोधायला चित्रच नसतं. "माहा साळा पोलिसात आहे, त्यानं सांगितलं" अशी ती सुरू होते. तिला तीन प्रश्न लावा. कोणतं ठाणं? कोणती तारीख? बोलणाऱ्याचं नाव काय? तिन्हींचं उत्तर नसेल तर ती आपल्या फोनमध्येच संपली पाहिजे.

ॲडमिन लोक जबाबदारीच्या भीतीनं ग्रुपच सोडून जातात. तसं करू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात स्पष्ट केलं की, समान हेतू किंवा संगनमत दिसत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला दोषी धरता येत नाही. ज्यानं लिहिलं किंवा पसरवलं त्याच्यावर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (समाजांत वैर वाढवणं) आणि ३५३ (घबराट किंवा वैर पसरवणारी खोटी माहिती, अफवा) लागू शकतं. ग्रुपवर टाकायला हीच माहिती चांगली.

ग्राहक सेवा केंद्र चालक, वाशीम जिल्हा

वरच्याला जोडून. हल्ल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी "शहीद निधी", "पीडित कुटुंबांना मदत" असे क्यूआर फिरू लागतात. स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी पैसे कोणाला जातात ते नाव पडद्यावर दिसतं. तिथं एखाद्या खासगी माणसाचं नाव असलं तर थांबा. केंद्रीय दलांच्या हुतात्मा जवानांसाठी गृह मंत्रालयाचं "भारत के वीर" हे अधिकृत संकेतस्थळ आहे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, ताबडतोब फोन करा आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक जवळ ठेवा. उशीर झाला की रक्कम तीन-चार खात्यांतून पुढे निघून जाते आणि गोठवायला काही उरत नाही.

श्रद्धांजली सभा भरवणारे, मेहकर तालुका

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्यांत दोन आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते, एक मलकापूरचे आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे. त्यामुळे इथं सभा ही रीत म्हणून होत नाही, लोकांच्या आतून येते. आणि म्हणूनच ती नीट झाली पाहिजे.

वेळ अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, आणि उजेड असताना. मृतांची नावं आणि गावं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणा, सगळी वाचा. नाव चुकीचं वाचणं हा अपमान आहे, म्हणून वाचणाऱ्यानं आधी घरी दोनदा वाचावं. मग दोन मिनिटं स्तब्धता, राष्ट्रगीत, आणि घरी. भाषण एकच, किंवा नकोच.

बिघडतं ते माइकवर. माइक हातोहात फिरू लागला की तिसऱ्या माणसापासून घोषणा बदलतात. माइक एका शिक्षकाच्या हाती द्या आणि तो कोणालाही न देण्याचं आधीच ठरवा. मोर्चा काढायचाच असेल तर ठाण्याला मार्ग लिहून द्या आणि कोणत्याही धर्मस्थळापुढे थांबायचं नाही हे त्या कागदावर असू द्या. पुतळा जाळू नका. एप्रिल-मे महिन्यात गावात कडब्याच्या गंज्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्यांचे ढीग असतात. एक ठिणगी वाऱ्यानं उडाली की चार गोठे जातात.

निमंत्रकांत गावातल्या सगळ्या समाजांची माणसं ठेवा. मशिदीच्या विश्वस्तांना निमंत्रक म्हणून बोलवायचं, "तुम्ही निषेध केला का" असं विचारायला नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी राहणाऱ्या माणसाकडून देशप्रेमाची पावती मागणं ही मला या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते. तिनं झालेली जखम सभा संपल्यावरही राहते.

विहिरींच्या ब्लास्टिंगचं काम, कारंजा तालुका

हल्ल्यानंतरच्या आठवड्यात "स्फोटाचा आवाज आला" असे फोन ठाण्याला जातात. उन्हाळ्यात त्यांतले पुष्कळसे विहिरीचे नाहीतर खदानीचे सुरुंग असतात. उपाय सोपा आहे. ज्याच्या शेतात काम आहे त्यानं आदल्या दिवशी पोलीस पाटलाला गट नंबर आणि वेळ सांगावी आणि वेळ रोज तीच ठेवावी. मग आवाज आला तरी गाव दचकत नाही.

पण खरा धोका ओळखून घ्या. भरलेली भोकं किती आणि आवाज किती, हे मोजलंच पाहिजे. एक आवाज कमी आला तर तो सुरुंग अजून जिवंत आहे. किमान अर्धा तास कोणी विहिरीत उतरायचं नाही, त्याच भोकात परत ड्रिल घालायचं नाही, वायर ओढायची नाही. पुढचं काम परवानाधारक ब्लास्टरचं.

डेटोनेटर म्हणजे बोटभर लांबीची, पेन्सिलीएवढ्या जाडीची धातूची नळी, तिला दोन रंगीत बारीक वायरी. मलब्यात पडलेली ती पोरांना खेळण्यासारखी दिसते. रानडुकरांसाठी धुऱ्यावर ठेवलेले गावठी बॉम्बगोळेही तसेच, बैल चरताना तोंड लावतो आणि जबडा जातो. असं काही दिसलं तर उचलू नका, पाण्यात टाकू नका, वर वाळू ओतू नका. लांबून खूण करा, जनावरं वळवा आणि ११२ लावा. दूरच्या दहशतीची चर्चा करणाऱ्या गावानं आपल्या धुऱ्यावरचे हे गोळे चालवून घेऊ नयेत. तो गुन्हा आहे.

एसटी स्थानकावरचे वाहतूक नियंत्रक, यवतमाळ जिल्हा

बेवारस पिशवी दिसली तर आधी माइकवर दोनदा पुकारा करा. बहुतेक वेळा मालक उसाच्या रसाच्या गाडीवर सापडतो. नाही सापडला तर पिशवी हलवायची नाही, उघडायची नाही, तिच्याजवळ उभं राहून मोबाइलवर बोलायचं नाही. लोकांना शंभर मीटरवर न्या. संशय उभ्या मोटारीचा असेल तर दोनशे, ट्रकचा असेल तर चारशे. आणि काचेच्या खिडक्यांसमोर कोणाला उभं करू नका, स्फोटात फुटलेली काच पुष्कळांना जखमी करते. व्हिडिओ काढायला पुढे येणाऱ्यांना आवरणं हेच सगळ्यांत अवघड जातं, त्यासाठी दोन हमाल ठरवून ठेवा.

शिक्षक, कुरखेडा तालुका, गडचिरोली

बाकी विदर्भाला दहशत टीव्हीवर दिसते. इथं तिनं रस्त्यावर माणसं मारलीत. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती आणि तिकडं जाणाऱ्या गाडीलाच गाठलं. एक घटना ही दुसऱ्या घटनेचं आमिष असते, म्हणून जळालेलं, उलटलेलं पाहायला गर्दीनं धावू नये. हे कुठल्याही हल्ल्याला लागू आहे.

रस्त्यावर आडवं झाड, लाल कापडी बॅनर, पत्रकांचा गठ्ठा दिसला तर बाजूला सारायचा नाही, ओलांडायचाही नाही. खाली किंवा बाजूला काही पेरलेलं असू शकतं. आल्या वाटेनं मागं फिरा आणि जवळच्या पोलीस मदत केंद्राला कळवा. पायवाट असेल तर आपल्याच पावलांवरून परत या.

शाळेचं सांगतो. दुसऱ्या दिवशी परिपाठात पाच-सात मिनिटं या विषयाला द्या. न बोलल्यानं मुलं घाबरायची थांबत नाहीत, त्यांनी मोबाइलवर सगळं पाहिलेलं असतं. चौथीच्या आतल्यांना एवढंच सांगा, की काही लोकांनी वाईट काम केलं, पोलीस त्यांना शोधत आहेत, तुम्ही इथं सुरक्षित आहात. मोठ्यांना ठिकाण नकाशावर दाखवा, अंतर मोजायला लावा. दूर म्हणजे किती दूर हे कळलं की अर्धी भीती जाते. व्हिडिओ दाखवू नका, बंदूक-बंदूक असं नाट्य बसवू नका. वर्गात एखाद्या मुलाच्या नावावरून चिडवणं सुरू झालं तर त्याच तासाला थांबवा. दुपारच्या खिचडीपर्यंत ते सगळ्या शाळेत पसरतं.

वसतिगृह अधीक्षक, यवतमाळ

पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये, यवतमाळात काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली होती. ते विसरून चालणार नाही, कारण ती पोरं आपल्या भरवशावर इथं शिकायला आली होती.

बाहेरच्या राज्यातले विद्यार्थी असतील तर बातमी आल्या संध्याकाळी हे करा. प्रत्येकाच्या घरी अधीक्षकाच्या फोनवरून बोलणं करून द्या. शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांची यादी काढा, खरा धोका त्यांना असतो, कारण घरमालक घाबरून "खोली रिकामी करा" म्हणतो. मालकाला समक्ष भेटा. भाडेकराराची आणि पोलिसांना दिलेल्या भाडेकरू माहितीची प्रत दाखवा, ठाण्याचा नंबर हातात द्या. मालकाचा धीर टिकला तर मुलगा टिकतो. किराणा, मेस, परीक्षा केंद्र या फेऱ्यांना आठवडाभर दोन स्थानिक मुलं सोबत जाऊ द्या. कोणी रस्त्यात अडवून फोन तपासायला मागितला तर द्यायचा नाही, तो अधिकार जमावाला नाही.

यात्रा नेणारे, दर्यापूर तालुका

हल्ला झाला की गावाकडचे नातेवाईक "फोनच लागत नाही" म्हणून रडू लागतात. कारण बहुतेकदा साधं असतं. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणून दहा माणसांमागे दोन पोस्टपेड नंबर, वेगवेगळ्या कंपन्यांचे. घरी रोज रात्री आठला एकच निरोप, सगळ्यांच्या वतीनं. गावात एकच माणूस तो निरोप घेईल आणि बाकीच्यांना सांगेल. मुक्कामाचे पत्ते, गाडीचा नंबर, प्रत्येकाचा रक्तगट असा एक कागद त्याच्याकडे.

अमरनाथला नोंदणी, आरोग्य प्रमाणपत्र आणि आरएफआयडी कार्ड लागतं. कार्ड गळ्यातच ठेवा, पिशवीत नाही. अडचणीच्या वेळी माणूस कुठवर पोचला होता हे त्याच्यावरून कळतं. जायचं की नाही हे भीतीवर ठरवू नका, मार्ग उघडा आहे का आणि प्रशासन काय सांगतं यावर ठरवा. मार्ग बंद असेल तर हट्ट नको.

आशा स्वयंसेविका, चिखलदरा तालुका

जखमेतून धारेनं रक्त येत असेल तर स्वच्छ दुपट्ट्याची घडी करून दोन्ही हातांनी दहा मिनिटं सलग दाबा. मधे उचलून पाहायचं नाही, उचललं की जमलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा. हाता-पायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तरच पट्टा बांधा, जखमेच्या वर तीन-चार बोटं, सांध्यावर नाही, चार-पाच सेंटिमीटर रुंद कापडाचा. सुतळी, वायर नको, ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ कपाळावर पेनानं लिहा आणि दवाखान्यापर्यंत सोडू नका. १०८ ला किती जखमी आहेत ते आधी सांगा, गाड्या त्यावर निघतात.

मनाचं म्हणाल तर, रात्रंदिवस तेच दृश्य पाहणाऱ्या घरात झोप उडते. टीव्ही सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. म्हाताऱ्या माणसाला छातीत धडधड, घाम, हात जड वाटत असेल तर "भेलं असंन" म्हणून सोडू नका, आधी ईसीजी. महिनाभर झोप नाही, पोरगं अंथरूण ओलं करू लागलं, घराबाहेर पाय निघत नाही, असं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, चोवीस तास, फुकट.

पोलीस पाटील, अकोट तालुका

एक राहिलं होतं. आठवडी बाजार बंद करा अशी मागणी हल्ल्यानंतर हमखास येते. ठाण्यानं लेखी सांगितल्याशिवाय बंद करू नका. बाजार बुडाला की भाजीवाल्या बाईचा आठवडा बुडतो, आणि "काहीतरी होतं म्हणून बंद केला" ही नवी अफवा उभी राहते. त्यापेक्षा बाजाराच्या दिवशी दोन्ही तोंडांना ग्रामसुरक्षा दलाचे चार-चार जण ठेवा, गाड्या बाजाराच्या आत लावू देऊ नका, रुग्णवाहिका निघेल एवढी दहा-बारा फुटांची वाट मोकळी ठेवा. बाहेरगावच्या दुकानदारांना त्यांच्या नेहमीच्याच जागेवर बसवा. जागा बदलली की लोक कारण विचारत बसतात.