मुलगी जूनमध्ये १८ची होतेय: ड्रायव्हिंग क्लास कधी, कुठला, किती दिवसांचा?

सिंहगडरोड_आई

मुलीला १२ जूनला १८ पूर्ण होतील. सीईटी मेमध्ये आटोपेल, नंतर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होईपर्यंत वेळ मोकळा आहे, त्यात तिने कार शिकावी असं ठरवलंय. जवळच्या दोन क्लासमध्ये विचारलं. पहिला १५ दिवसांचा, रोज ५ किलोमीटर, लायसन्सचं सगळं तेच बघणार. दुसरा २१ दिवसांचा, रोज अर्धा तास, फी जवळपास दीडपट. पहिल्याचं म्हणणं, वाढदिवसापर्यंत थांबायची गरज नाही, गाडीला डबल ब्रेक आहे, मेपासूनच बसू दे.

हे चालतं का? दोघांत निवडायचा कुठला? आणि घरची गाडी ऑटोमॅटिक आहे, तर क्लासही ऑटोमॅटिकवरच लावावा का?

नियमवाचक

ताई, मेमध्ये तिला स्टिअरिंगवर अजिबात बसवू नका. कारचं शिकाऊ लायसन्स १८ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि शिकाऊ लायसन्स हातात नसताना रस्त्यावर गाडी चालवणं हे विनापरवानाच. डबल ब्रेक असला, शेजारी प्रशिक्षक असला, तरी त्यात फरक पडत नाही. १६व्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचं आहे. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या असल्यामुळे त्याचा उपयोग जवळपास उरलेला नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. महिनाभर आधी सुरुवात करण्यासाठी पुढची सात वर्षं पणाला लावू नयेत. जो क्लास हे सुचवतो, तो बाकीचे नियमही असेच पाळत असणार असं मी धरून चालेन.

१२ जूनचा क्रम असा. सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर शिकाऊचा अर्ज करायचा. आधार क्रमांकाने केला तर परीक्षा घरूनच देता येते, आरटीओत जावं लागत नाही. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा, नाहीतर ओटीपीपाशीच अडकाल. आधारवर पूर्ण जन्मतारीख आहे का, आणि नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतं का, हे आत्ताच बघा. आधारची दुरुस्ती जूनमध्ये सुरू केली तर सुट्टी त्यातच जाईल. फी शिकाऊसाठी प्रत्येक वाहनवर्गाला १५० आणि परीक्षेचे ५०, वर थोडं सेवाशुल्क. दुचाकीही चालवणार असेल तर दोन्ही वर्ग एकाच अर्जात घ्या.

परीक्षेला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. ती तिने स्वतः द्यावी. बरेच एजंट "आम्हीच टाकतो" म्हणतात आणि मुलांना वाटेचा हक्क कोणाचा, पिवळी अखंड रेषा कशासाठी, हे कधी वाचावंच लागत नाही.

शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. पक्क्या लायसन्सची चाचणी ते मिळाल्यानंतर ३० दिवसांनी देता येते. म्हणजे तिच्यासाठी जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. सुट्ट्यांच्या काळात चाचणीच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा ३० दिवस होताच तारीख घ्या.

अर्धाक्लच

आता क्लासबद्दल. जाहिरातीतले दिवस आणि किलोमीटर बाजूला ठेवा, तास मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत खासगी गाडीच्या प्रशिक्षणासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितले आहेत. २१ दिवस रोज अर्धा तास म्हणजे साडेदहा तास, म्हणजे दुसरा क्लास काठावर का होईना नियमात बसतो. पहिल्याचं गणित करा. शहरात ५ किलोमीटरला १५ ते २० मिनिटं लागतात. १५ दिवसांचे झाले जेमतेम ५ तास. शिवाय गाडीत दोन-तीन विद्यार्थी एकदम बसवून पाळीपाळीने चालवायला देत असतील, तर आधी विचारा की अर्धा तास गाडीत बसण्याचा की स्टिअरिंग हातात असण्याचा.

पैसे भरण्यापूर्वी तिथे जाऊन पुढच्या गोष्टी बघा. आरटीओने दिलेला शाळेचा परवाना, म्हणजे फॉर्म ११, कार्यालयात लावलेला असला पाहिजे आणि मुदतीत हवा. गाडीवर शाळेचं नाव, पत्ता, फोन ठळक लिहिलेला असावा. प्रवेशाची नोंदवही म्हणजे फॉर्म १४. चालवलेल्या तासांची नोंद म्हणजे फॉर्म १५, त्यात विद्यार्थ्याचीही सही असते. मुलीला सांगा, ज्या दिवशी चालवलं त्याच दिवशी सही करायची. शेवटच्या दिवशी सगळ्या ओळींवर एकदम सह्या मागतात, तिथे न झालेले तासही लिहिले जातात. कोर्स झाल्यावर फॉर्म ५चं प्रमाणपत्र मागून घ्या. खासगी कारच्या लायसन्सला ते सक्तीचं नाही, पण ते द्यायला टाळाटाळ करणारी शाळा मुळात नोंदणीकृत आहे का हे तपासायला हवं.

डबल ब्रेकबद्दल एक गोष्ट फार कमी पालकांना माहीत असते. प्रशिक्षकाच्या बाजूला ब्रेकबरोबर क्लचही असतो. गाडी बंद पडू नये, मागच्याने हॉर्न मारू नये, म्हणून पुष्कळ प्रशिक्षक क्लच स्वतःच सांभाळतात. मुलांना वाटतं आपल्याला जमलं, आणि घरच्या गाडीत बसल्यावर पहिल्याच सिग्नलला तीनदा बंद पडते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिने स्पष्ट म्हणावं, "सर, क्लच मी बघते, तुम्ही फक्त ब्रेकवर राहा." गाडी बंद पडू द्यावी. क्लच सोडताना बॉनेट किंचित उचलतं, इंजिनाचा आवाज खाली बसतो, तो पकड येण्याचा बिंदू पायाला कळायला गाडी बंद पडावीच लागते.

वेळही बदलून घ्या. सकाळी साडेसहाची बॅच सगळ्यांना हवी असते, कारण रस्ता रिकामा असतो. पहिले आठ-दहा दिवस ती ठीक. पुढचे निम्मे दिवस संध्याकाळी सहाच्या गर्दीत हवेत, निदान दोन फेऱ्या अंधार पडल्यावर. जून-जुलै असल्यामुळे पावसात चालवणं आपसूक होईल. "आज पाऊस आहे, उद्या या" म्हणाले तर मान्य करू नका. ओल्या रस्त्यावर ब्रेक किती आधी लावायचा आणि काचेवरचं धुकं एसीने कसं घालवायचं, हे शिकवणारा शेजारी असतानाच कळलेलं बरं.

आरसा_आधी

ऑटोमॅटिकचं उत्तर: मॅन्युअलवर शिकवा. आपल्याकडे हलक्या वाहनाचा वर्ग एकच आहे, लायसन्सवर ऑटोमॅटिक-मॅन्युअल असा भेद नाही. ऑटोमॅटिकवर चाचणी दिली तरी उद्या ती कायद्याने मॅन्युअल चालवू शकेल, पण हात बसलेला नसेल. मित्राची गाडी, भाड्याची गाडी, घरातल्या कोणाला रात्री दवाखान्यात न्यायचं, अशा वेळी समोर येईल ती गाडी चालवता आली पाहिजे.

मॅन्युअल शिकलेल्याने ऑटोमॅटिकवर बसताना धोका डाव्या पायाचा. क्लचच्या सवयीने तो जोरात खाली जातो आणि ब्रेकवर पडतो, गाडी जागच्या जागी थांबते, मागचा येऊन धडकतो. डावा पाय मागे घेऊन फूटरेस्टवर ठेवायचा, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाने. शिवाय ड्राइव्हमध्ये ब्रेक सोडला की बऱ्याचशा ऑटोमॅटिक गाड्या आपोआप पुढे सरकतात, हे पार्किंगमध्ये भिंतीसमोर उभं असताना लक्षात ठेवायचं.

चाचणीत मुलं कुठे अडकतात तेही सांगते. पुण्याची कारची चाचणी नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. इंग्रजी आठ, रिव्हर्सचा एच, समांतर पार्किंग, चढावर थांबून पुन्हा गाडी काढणं. सगळ्यात जास्त घोटाळा चढावर होतो, गाडी मागे येते. हँडब्रेक ओढून थांबायचं, पहिला गिअर, क्लच पकडीच्या बिंदूपर्यंत सोडायचा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, गाडी पुढे ओढ घेतेय असं जाणवलं की मगच हँडब्रेक खाली. घाईघाईत उलट क्रम झाला की संपलं. एचमध्ये चूक वेगाची असते. रिव्हर्स पूर्ण क्लच-नियंत्रणावर, चालत्या माणसापेक्षाही हळू, आणि दोन्ही आरशांत रेषा दिसतील असे आरसे आधीच थोडे खाली झुकवून. क्लासकडून या चार प्रकारांचा सराव किमान तीन दिवस मागा. नेहमीच्या पॅकेजमध्ये तो बहुधा नसतो. चाचणीला गाडी त्यांचीच नेणार का, तिचे पैसे वेगळे का, आणि ज्या गाडीवर शिकली तीच मिळणार का, हेही आधी ठरवा. दुसऱ्याच गाडीचा क्लच चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा पायाखाली येऊ नये.

सीटबेल्ट आणि इंडिकेटर विसरून नापास होणारे कमी नाहीत. गाडी सुरू करण्याआधी सीट, आरसे, बेल्ट, न्यूट्रल, हा क्रम तिला मेमध्येच घरच्या बंद गाडीत पाठ करून घेता येईल.

सिंहगडरोड_आई

सगळ्यांचे आभार. २१ दिवसांचा पक्का केला, १३ जूनपासून. आणखी दोन शंका. क्लास संपल्यावर घरच्या गाडीवर सराव करताना काही अट आहे का? आणि जूनपासून क्लासच आरटीओची चाचणी घेऊ शकतात असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते खरं आहे का?

नियमवाचक

दुसरं आधी. तो निरोप २०२४पासून फिरतोय आणि चुकीचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला होता. साध्या क्लासचा फॉर्म ५ चाचणीतून सूट देत नाही. सूट मिळते ती मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून, ज्यांचे नियम १ जुलै २०२१पासून आले. तिथला कारचा कोर्स ४ आठवड्यांचा, २९ तासांचा असतो: ८ तास वर्गात, २१ तास प्रत्यक्ष. उत्तीर्ण झाल्यावर फॉर्म ५ब मिळतो. असं केंद्र जाण्यायेण्याच्या अंतरावर असेल तर मी तेच निवडेन. चाचणी वाचते म्हणून नव्हे, चालवण्याचे तास दुप्पट मिळतात म्हणून.

घरच्या सरावाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ लागू होतो. शेजारच्या सीटवर त्या वर्गाचं वैध लायसन्स असलेली व्यक्ती, गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल एल. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर १० सेंटीमीटर उंच आणि २ सेंटीमीटर जाड. काचेवरचं छोटं स्टिकर त्यात बसत नाही. हे विम्यासाठीही महत्त्वाचं आहे. प्रमाणित पॉलिसीतल्या चालकाच्या अटीत लिहिलेलं असतं की शिकाऊ लायसन्सवाला नियम ३ पाळत असेल तरच चालवू शकतो. पाटी नाही किंवा शेजारी लायसन्सधारक नाही, तर दावा अडवायला विमा कंपनीला तेवढं पुरतं.

अर्धाक्लच

सरावाला शेजारी बसाल तेव्हा हात हँडब्रेकजवळ ठेवा, तो मध्ये असेल तर. घरच्या गाडीला तुमच्या बाजूने ब्रेक नाही. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत तर सुरुवातीचे दिवस फक्त मोकळ्या रस्त्यावर, ४०च्या आत. सूचना वळणावर देऊ नका, शंभर मीटर आधी द्या.

सिंहगडरोड_आई

समजलं. शेवटचं: प्रवेश नागपूरला मिळाला आणि ती ऑगस्टमध्ये तिकडे गेली तर शिकाऊ वाया जाईल का?

नियमवाचक

नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही लायसन्स कार्यालयाकडे अर्ज करता येतो. नागपूरला चाचणी द्यायची असेल तर पक्क्याचा अर्ज भरताना तिथलं कार्यालय निवडायचं. सहा महिन्यांची मुदत मात्र पुण्यात शिकाऊ मिळालं त्या तारखेपासूनच मोजली जाते. आणि कार्ड पोस्टाने लायसन्सवरच्या पत्त्यावर येतं. तो आधारवरचा पुण्याचा असेल, तर घरी घ्यायला कोणीतरी असू द्या.