उजनीचा वारा: मोटर मोठी करावी की आधी वायर बदलावी?

सिंहगडरोडकर
तीन वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला पुण्यातून निघतो आणि उजाडताना भिगवणच्या पुढे उजनी धरणाच्या बॅकवॉटरला होडी उतरवतो. चौदा फुटी फायबरची होडी आहे, पुढच्या टोकाला १२ व्होल्टची ५५ पौंड जोराची ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर पंखा फिरवून होडी ओढणारी). सकाळी काही तक्रार नसते. पण वारा सुटला की फुल स्पीडला ठेवूनही होडी जागची हलत नाही. गेल्या महिन्यात काठ समोर दिसत असताना पाऊण तास झुंजलो. बरोबर धाकटा भाऊ होता, त्याला पोहता येत नाही.

म्हणून २४ व्होल्टची, ८० पौंडांची मोटर घ्यायचं ठरवलंय. १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या (घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा) सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, जोडेन. घरचे याला हौस म्हणतात, मला ते पटत नाही. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी होडी याच पाण्यात वाऱ्याने उलटली, सहा माणसं गेली. जोर हाताशी असायलाच हवा. बॅटरी मागे आहे, तिथून मोटरपर्यंत सहा मीटर ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली आहे. तीच ठेवली तर चालेल ना?

तपकीरगल्लीतला
नाही चालणार. आणि माझं स्पष्ट मत आहे की तुमची मोटर कमजोर नाही, तिला वीज पोचत नाहीये.

सहा मीटर जायला, सहा यायला, म्हणजे बारा मीटर तांबं. ६ स्क्वेअरमध्ये त्याचा रोध साधारण ०.०४ ओहम. ४५ अँपिअर ओढले की पावणेदोन-दोन व्होल्ट वायरीतच गेले. चोवीस व्होल्टवर गेलात म्हणून करंट निम्मा होईल, हा हिशेब तेवढ्याच जोराला लागू आहे. ८० पौंड पूर्ण जोरात चालवलीत तर ती मोटरसुद्धा पन्नासच्या वर अँपिअर घेते. त्याच वायरीतून तेवढा करंट सोडणार का? पुढच्या खेपेला मीटर घेऊन जा. फुल स्पीडला बॅटरीच्या टोकांवर आणि मोटरच्या टोकांवर, दोन्हीकडे व्होल्ट मोजा.

सिंहगडरोडकर
मोजले. बॅटरीवर ११.९, मोटरपाशी ९.९. मोटरकडच्या जोडाची टेप सोडली तर थिंबलजवळचं (वायरीच्या टोकाला बसवतात ती धातूची टोपी) इन्सुलेशन तपकिरी होऊन बोटाला चिकटत होतं, आतल्या तारा काळ्या पडल्या होत्या. थिंबल पकडीने दाबलेलं होतं, क्रिंप केलेलं, म्हणजे त्यासाठीच्या हत्याराने घट्ट आवळलेलं, नव्हतं. तो जोड मीच केला होता. भाऊ त्याच्यापासून हातभर अंतरावर बसतो.

तपकीरगल्लीतला
व्होल्टेज एवढं पडलं की मोटरचे फेरे कमी होतात, आणि पंख्याचा जोर साधारण फेऱ्यांच्या वर्गाने घटतो. म्हणजे पाव हिस्सा जोर तरी तुम्ही वायरीत जाळत होता. १६ स्क्वेअरची वायर टाका, थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. मोटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

सोलर_फिटर_हडपसर
एक महत्त्वाचं राहिलं. पॉझिटिव्हवर, बॅटरीला जितका जवळ बसवता येईल तितका जवळ ब्रेकर (करंट जास्त झाला की आपोआप तोडणारा) हवाच. आणि तो घरच्या बोर्डातला एमसीबी नको. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे करंट तोडताना पडणारी ठिणगी विझते. डीसीमध्ये, म्हणजे बॅटरीच्या विजेत, करंट शून्यावर येतच नाही, ठिणगी जळत राहते. डीसी रेटिंगचा ६० अँपिअरचा घ्या, आणि त्यावर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्या पाळा.

मी मात्र २४ व्होल्टच्या बाजूने आहे. १६ स्क्वेअर टाकून १२ व्होल्टवर ५० अँपिअरला सहा टक्के पडतात, २४ वर साडेतीनच्या आत. फक्त फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) दोनातल्या एकाच बॅटरीवरून चालवू नका. ती रोज जास्त उतरते, चार्ज होताना मागे राहते आणि लवकर मरते. त्याला वेगळी छोटी बॅटरी ठेवा.

भीमाकाठचा
आमच्या घरात तीन पिढ्या जाळी टाकतात, म्हणून बोलतो. कळाशीचा दाखला इथे लावू नका, दादा. ती होडी उलटली. जास्त जोराची मोटर उलटणारी होडी सावरत नाही.

ट्यूब्युलर बॅटरी एकेक पन्नास किलोच्या पुढे. दोन घेतल्या की शंभरावर किलो मागच्या बाजूला. मागचा काठ पाण्यालगत येणार, पुढचं टोक उचलणार आणि वारा नेमका त्यालाच धरून होडी फिरवणार. लाटेत पुढचा पंखाही पाण्याबाहेर येणार, मग ८० पौंड काय कामाचे? आम्ही पश्चिमेला आभाळ काळं दिसलं की जाळं तसंच सोडून काठ गाठतो. भावाला लाईफ जॅकेट घाला आणि होडीत दोन वल्ही ठेवा.

सोलर_फिटर_हडपसर
वजनाचं बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. लिथियम फॉस्फेटची १०० अँपिअर-तासाची बॅटरी बारा किलोच्या आसपास असते. सिरीजमध्ये जोडायला तिच्या बीएमएसची (बॅटरीच्या आत तिला सांभाळणारं सर्किट) परवानगी आहे का, एवढं विकत घेण्याआधी विचारा. नाहीतर सरळ २४ व्होल्टचीच एक घ्या.

सिंहगडरोडकर
१६ स्क्वेअर टाकली, डीसी ब्रेकर बसवला. काल मोजलं: बॅटरीवर ११.८, मोटरपाशी ११.१. होडी ओढली जाते ते बसल्या जागी कळतं. @भीमाकाठचा, कळाशीचं तुमचं म्हणणं मान्य. जॅकेटं दोन घेतली, वल्ही होडीत ठेवली.

तरीही २४ व्होल्टचा विचार मी सोडलेला नाही. काल वारा मध्यमच होता आणि परत येताना मोटर पूर्ण जोरात होती, हाताशी काहीच शिल्लक नव्हतं. ट्यूब्युलर रद्द, लिथियमसाठी पैसे साठवतो.

भीमाकाठचा
साठवा. तोवर अकराच्या आत काठाला या.

तपकीरगल्लीतला
ब्रेकरच्या स्क्रूंना महिन्याभराने पुन्हा एकदा पीळ द्या. हादऱ्याने सैल होतात.