मदत हवी आहे : ‘तू होतास’ म्हटलं की उत्तर फुटतं

नागपुरातल्या अंगणवाड्यांत ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी स्लेबी-फ्रे (१९७५) मुलाखतीचं मराठी रूप करतोय; आपलं मुलगा किंवा मुलगी असणं कायम राहतं हे मुलाला कळतं का, ते ती तपासते. मानसशास्त्रज्ञ कोलबर्गने १९६६ मध्ये मांडलेल्या क्रमाने मुलगा की मुलगी ही ओळख, काळानुसार स्थैर्य आणि कपडे-खेळ बदलूनही टिकणारी खात्री, असे तीन भाग.

घोडं अडलंय व्याकरणावर. ‘मोठेपणी तू आई होशील की बाबा?’ यात काही अडचण नाही. ‘फ्रॉक घातलास तर’ हेही चालतं, क्रियापद फ्रॉकमागे जातं. पण ‘बाळ होतास/होतीस’ आणि ‘भातुकली खेळलास/खेळलीस’ यांत उत्तर आपणच देऊन टाकतो. दुसऱ्यावर ‘खेळायचं ठरवलंस तर’ हा उपाय सापडला. पहिल्यासाठी ‘तान्हं बाळ असताना तू मुलगा की मुलगी?’ करून पाहिलं. काळ निसटतो, लहानगी आत्ताचंच सांगतात.

तीन वर्षांची मुलं शेवटचा पर्याय उचलतात, म्हणून क्रम आलटून-पालटून विचारतो. खेळ समजून उत्तर देऊ नये म्हणून पुढे ‘खरंखरं की खोटंखोटं?’ जोडलंय. पालकांची संमती घेतली आहे. बाहुल्या-चित्रं नकोत, केस आणि कपडे पाहून मुलं ठरवतात, मग मोजायचं तेच हातचं जातं.

बरीच मुलं घरी हिंदी बोलतात, पण हिंदी तर्जुमा सुचवू नका : तिथे ‘बनेगा/बनेगी’ म्हणजे भविष्यकाळही फितूर.

‘तू बाळ होतंस’ हे नपुंसकलिंगी रूप इथल्या चार वर्षांच्या मुलाला सहज कळतं का, की कानाला खटकून ते गोंधळतं? नसेल, तर लिंग न फोडता भूतकाळ नक्की ठेवणारी दुसरी वाक्यरचना कोणती?