प्रतिसाद: नर धनेश मादीला कोंडत नाही

वर दोघांनी लिहिलंय की धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याचा नर विणीच्या वेळी मादीला झाडाच्या ढोलीत कोंडून ठेवतो. ते पटलं नाही. ढोलीचं तोंड मुख्यतः मादीच आतून लिंपते, स्वतःच्या विष्ठेने, फक्त एक फट ठेवून. नर चिखलाच्या गोळ्या आणून देतो, एवढंच. मात्र त्या फटीतून खाऊ नरच घालतो, त्यामुळे तो मेला तर आतल्या मादी-पिल्लांचा जीव टांगणीला लागतो, हे अगदी खरं. आणि त्याचं कारण नुसती ती लिंपलेली भिंत नाही. आपल्या मुंबईत दिसणाऱ्या राखी धनेशाची मादी आत गेल्यावर उडायची पिसं झाडून टाकते, नवी येईपर्यंत तिला उडताच येत नाही. भिंत फोडून तिला बाहेर काढलं तरी ती वाचेलच असं नाही.

म्हणून मला धास्ती वाटते ती एप्रिल-मेमधल्या फांद्याछाटणीची. नेमका तोच यांच्या विणीचा हंगाम. गोरेगावात आमच्या इमारतीमागच्या जुन्या पर्जन्यवृक्षावर नर एकाच ढोलीला बिलगून, गिळून आणलेली उंबरं एकेक करून घशातून वर काढत फटीतून आत देताना दिसला. छाटणीवाल्यांना थांबवून ते दाखवलं, तेव्हा त्यांनी ती फांदी पावसाळ्यानंतरसाठी ठेवली. ढोली खालून ओळखता येते: मादी फटीतून घाण बाहेर टाकते, त्यामुळे बुंध्याशी विष्ठा आणि फळांच्या बियांचा सडा पडलेला असतो. करवत चालवण्याआधी तेवढं तरी बघायला सांगा.